वळणावरील पकड (मोटारगाडीची)

वळणावर गाडीला धरून ठेवतो तो टायरचा रस्त्याला टेकलेला तळहाताएवढा भाग. पुढच्या चाकांत हवा कमी असली तर गाडी वळणाबाहेर ओढते. मागच्यांत कमी असली तर मागचा भाग निसटतो. मागे इंजिन असलेल्या १९६० च्या शेव्हरले कॉर्व्हेअरचा तोल याच फरकावर बेतला होता : थंड टायरात पुढे १५, मागे २६ पीएसआय. पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली, की तो बिघडे. शॉकअप थकले, तर खड्ड्यानंतर चाक उड्या मारत राहते, आणि उडालेल्या चाकाला पकड कसली! नळीवर तेलाचा ओघळ, टायरवर उंचसखल झीज, ही त्याची खूण. वजन स्प्रिंग पेलते. गाडी वळणावर किती झटक्यात कलेल, तेवढे शॉकअपच्या हाती.