नायट्रो इंजिनातील कार्बोरेटर तुंबणे
नायट्रो इंजिन हे प्रतिकृती मोटारी व विमानांत वापरले जाणारे छोटे ग्लो प्लग इंजिन होय. त्याच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन व वंगण तेल असते. इंजिन पडून राहिल्यास मिथेनॉल उडून जाते आणि उरलेले तेल, विशेषतः एरंडेल, चिकट होऊन सुईजवळचे बारीक छिद्र बुजवते. असे जुने इंजिन कार्बोरेटरात इंधनाचे थेंब सोडल्यावर क्षणभर चालते व बंद पडते. सुई सैल करूनही फरक पडत नाही. प्रथम टाकीची नळी व गाळणी तपासावी. सुई काढण्यापूर्वी ती पूर्ण बंद होईपर्यंतचे फेरे मोजावेत. धातूचे सुटे भाग मिथेनॉलमध्ये भिजवून छिद्रातून दाबाची हवा सोडावी. तार खुपसल्यास छिद्र रुंदावते. मिथेनॉल विषारी असून त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. अर्धवट तुंबलेले इंजिन चालवणे अधिक घातक, कारण वंगण इंधनातूनच मिळत असल्याने पिस्टन व सिलिंडर तापून झिजतात.