काळी माती आणि गाडीचे शॉकअप

वऱ्हाडातल्या बंडीला कमान नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे आस. दणका बसला की थेट वर यायचा. कापसाच्या बोजाला त्याचं काय! माणसांसाठी दमणी असे, तिच्यात गवत पसरून वर सतरंजी टाकली की झाली बैठक. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, तरी शेत ते स्टेशन ही वाट बैलांचीच राहिली.

वाट काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर डांबर टाकलं तरी रस्ता कुठे उचलतो, कुठे खचतो. इथे गाडीचा खरा कस लागतो तो चाकांच्या वर, कमानीच्या पाट्यांशी.

स्वातंत्र्यानंतर महिंद्राची जीप आली, १९८५ मध्ये मारुती जिप्सी. दोन्हींना चारही चाकांवर पाटे. पाटा वजन पेलतो, पण दबला की उसळतो. ती उसळी शॉकअप मारतो: नळकांड्यातलं तेल दट्ट्याच्या बारीक भोकांतून ढकललं जातं आणि झटक्याचा जोर उष्णता होऊन जिरतो. हे शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत सुरू झाली.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे जायला परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालकडे डांबरी घाट आहे. जंगलात वळलं की दगडगोटे. अशा वाटेवर दट्ट्या सतत हलतो, तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप ऐन वेळी ढिला पडतो. नायट्रोजन गॅसच्या दाबाखालचं तेल सहजी फेसाळत नाही. गॅसच्या शॉकअपचा खरा फायदा हाच.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक मार्गिका सलग डांबरली गेली आणि गिनीज विक्रम झाला. आधीचा विक्रम कतारचा, २५.२७५ किलोमीटरचा. वर्षानुवर्षे हाडं खिळखिळी करणारा हा रस्ता गुळगुळीत झाला, त्याचा आनंद मोठाच. पण आता तीच गाडी महामार्गावर वेगात धावते आणि फाट्यावरून शेताकडच्या पांदणीत उतरते. ढिला शॉकअप वेगात गाडी डोलवतो. फार कडक घेतला तर पांदणीत चाक जमीन सोडतं आणि पकड जाते.

म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला मध्यम कडक, गॅसचा शॉकअप घ्यावा, तोही गाडीत रोज किती वजन असतं ते मिस्त्रीला सांगूनच. पाटे थकले असतील तर आधी ते बदला. वजन पेलणं हे शॉकअपचं काम नव्हे.