आतून खाल्लेला टायर

टायर एका कडेने झिजला की कोल्हापुरात पहिला आरोप रस्त्यावर येतो. ज्या शहराने रस्त्यांच्या टोलविरुद्ध काही वर्षे लढा देऊन तो रद्द करून घेतला, तिथे तसा तो यावा हे साहजिकच आहे. पण महागड्या, जोरकस इंजिनाच्या गाडीची दोन्ही चाके उतरवल्यावर दोन्हींची आतली कड सारखीच गुळगुळीत निघते, तेव्हा हा आरोप टिकत नाही. खड्डा दोन्ही चाकांना एकाच मापाने शिक्षा करत नाही. या शहरातल्या चाकाच्या धंद्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर चाकाचा कोन कायम कामावरून ठरत आला आहे असे दिसते. बैलगाडी आणि ट्रक यांच्या बाबतीत ते काम ओझे वाहण्याचे होते. वेगवान मोटारीच्या बाबतीत ते वळण घेण्याचे आहे. इथल्या कारागिरीला पहिल्या कामाची मुरलेली सवय आहे आणि दुसरे काम अजून तसे नवे आहे. आजचा बराचसा गोंधळ त्यातून येतो.

मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे 1891 मध्ये आली आणि चारच वर्षांनी शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली. गुळाच्या या बाजाराला माल पुरवणारी गाडी लाकडी चाकाची होती. लोहार लोखंडी पट्टीची धाव चाकापेक्षा किंचित लहान वळायचा, शेणींच्या आगीत ती तापवून चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. धाव आकसली की आरे, पुठे आणि तुंबा एकमेकांत आवळले जायचे. खुद्द महाराजांची ‘खडखडा’ ही प्रसिद्ध गाडीही घोडे ओढायचे, म्हणजे तिचे चाकही याच कारागिरीच्या आसपासचे. या चाकाला कोन लावून देणारा वेगळा धंदा नव्हता, कारण तशी गरजच नव्हती. कण्यावर चाक सैल फिरायचे, डुलायचे, धाव जमेल तशी झिजायची. खरा बदल रबराने केला. डनलॉपने 1936 मध्ये बंगालमधल्या साहागंजला कारखाना काढला आणि पुढे बैलगाडीलाही हवेचे टायर लागले. आपल्याकडे तिला डनलॉप गाडीच म्हणू लागले. सहकारी साखर कारखान्यांच्या हंगामात याच गाड्यांवर उसाचे डोंगर चढले. ओझे मधे आणि आधार दोन टोकांना, म्हणून लोखंडी कणा मधे खचतो, त्याची टोके वर उचलली जातात आणि दोन्ही चाकांचे माथे आत झुकतात. टायर आतल्या कडेवर चालू लागतो. म्हणजे स्पोर्ट्स कारचा मालक ज्या खुणेपाशी आज चिंतातुर उभा राहतो, तीच खूण उसाच्या गाडीवर केव्हाच उमटत होती. तिथे ती अतिभाराची होती, एवढाच फरक. फरक एवढाच असला तरी सगळा वाद त्यातच आहे.

ट्रकच्या काळात या ज्ञानाला हिशेबी रूप आले. जुन्या ट्रकच्या पुढच्या सरळ कण्याला बनवतानाच उलटा कोन देत. रिकाम्या गाडीचे चाक माथ्याकडे किंचित बाहेर झुकलेले असायचे, म्हणजे भरल्यावर ते उभे राहील. ज्या खुंटीवर चाक वळते ती किंग पिन सैल झाली की हा हिशेब बिघडायचा. ती बदलणे, बुश बसवणे, रीमर मारणे ही कामे शिवाजी उद्यमनगरसारख्या वसाहतीला सहज जमणारी होती. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागीर-उद्योजकांनी इथे लेथ आणि ओतकामाची जी परंपरा उभी केली, तिचे पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत रूपांतर झाले. मोटारींचे ब्रेक ड्रम आणि हब तिथे आजही ओतले जातात. त्या पिढीच्या अॅम्बॅसेडर-पद्मिनीला मागे पाटे आणि अखंड कणा असे, त्यामुळे मागे जुळवण्यासारखे काही नव्हतेच. पुढच्या चाकांच्या बाजूने दोरी ताणायची, टेपने मोजायचे आणि टाय-रॉड फिरवायचा. ही पद्धत अडाणी नव्हती. मोजण्यासारखे एकच माप होते आणि ते दोरीने मिळत होते.

ते माप म्हणजे टो. दोन चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर आणि मागच्या कडांमधले अंतर यांतला फरक. समजा 600 मिलिमीटर व्यासाच्या चाकांवर तो 3 मिलिमीटर चुकला. प्रत्येक चाक चारशेला एक या प्रमाणात तिरके झाले, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला टायर अडीच मीटर आडवा घासटला. कोल्हापूर ते पुणे या सुमारे 230 किलोमीटरमध्ये हे आडवे घासटणे अर्ध्या किलोमीटरच्या वर जाते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, इतका निर्दय नसतो. तो एक खांदा हळूहळू, गुळगुळीत खातो. टो बिघडला तर टायरवरून आडवा हात फिरवताच करवतीसारखे दात लागतात. हात एका दिशेने सरकतो, उलट फिरवला की अडतो. वेगवान गाडीला कारखान्यातूनच माथा आत झुकलेला, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर दिलेला असतो. वळणात गाडी बाहेर कलते, बराचसा भार बाहेरच्या चाकावर जातो आणि ते झुकलेले चाक तेव्हा कुठे रस्त्यावर पूर्ण टेकते. सरळ महामार्गावर मात्र तोच कोन आतली कड खात राहतो. त्यात स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली की कॅम्बर वाढतोच, शिवाय टोही हलतो. दोष सहसा कॅम्बरला दिला जातो, टायर खरा संपवतो तो हा न मोजलेला टो.

यावर रास्त प्रश्न असा की मग कॅम्बर शून्यावर आणून टायर का वाचवू नये? रोज कावळा नाका ते कागल एवढेच जाणाऱ्याला हा सल्ला वाईट नाही. पण करूळ घाट किंवा आंबा घाट हौसेने चढणाऱ्याची पकड त्याने कमी होते आणि झीज थांबत नाही, ती बाहेरच्या खांद्यावर जाते. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. अॅकरमनच्या नावाने 1818 मध्ये इंग्लंडात पेटंट झालेली सुकाणूची रचना असो की आजचे कॅमेऱ्याचे यंत्र, हे सगळे बाहेरचे, मग यात कोल्हापूरचे काय? यंत्र बाहेरचे आहे, हे कबूल. पण ते फक्त मोजते आणि कंपनीच्या मर्यादेत असलेले सगळे आकडे हिरवे दाखवते. मर्यादेच्या कोणत्या टोकाला थांबायचे ते गाडी कशासाठी वापरली जाते यावरून माणूस ठरवतो, आणि असे ठरवण्याचे शिक्षण आता या शहरात मिळू लागले आहे. रेसर कृष्णराज महाडिक इथून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला, मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग रुजले. कार्टला स्प्रिंग नसते, मागे डिफरन्शियलही नसतो, म्हणून मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. वळताना आतले मागचे चाक उचलले गेले नाही तर ते फरफटते. ते उचलण्याचे काम पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे ती ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकाव, करतो. इथे कोन चुकला तर निकाल काही फेऱ्यांतच टायरवर दिसतो, आणि ज्या हाताची वळणे जास्त, त्याच्या विरुद्ध बाजूचे टायर आधी संपतात. तिथे त्याला कोणी बिघाड म्हणत नाही.

सगळ्या झिजेला रचनेचे कारण चिकटवावे असे मात्र नाही. पावसाळ्यानंतर एकच चाक खाल्लेले निघाले, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एकीकडे ओढत असेल, तर तो खड्ड्याचाच प्रताप, आणि तिथे आधी टाय-रॉड आणि बुश तपासावेत, मग यंत्र. दोन्ही खांदे झिजले तर हवा कमी, फक्त मधला भाग झिजला तर हवा जास्त. अडचण येते ती मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या जर्मन बनावटीच्या सेडानमध्ये. तिथे मागच्या चाकांनाही कॅम्बर आणि टो असतो, आतली कड बाहेरून दिसत नाही, आणि अॅम्बॅसेडरच्या जमान्यातली सवय अजून पुढचीच चाके जुळवून बिल करते. अशा गाडीत आधी मागचा टो लावायचा आणि त्यावरून ठरणाऱ्या रेषेला पुढची चाके जुळवायची.