न्हाणी ट्रॅप

मागचे काही भाग आपण गडकिल्ल्यांवर फिरलो, आज घरातच राहू. घरातही कुठं, तर बाथरूममध्ये! हसू नका. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली आणि माडीवरच्या बाथरूमची फरशी उचलली, तर खाली चांगला पन्नासेक वर्षांचा इतिहास निघाला.

माडी कडीपाटाची. फरशीखाली सिमेंट, त्याखाली माती, त्याखाली सागवानी पाट आणि ते पेलणाऱ्या कड्या. भिंतीत शिरलेल्या एका कडीच्या टोकात मिस्त्रींनी पेचकस टोचला, तो भिजलेल्या भाकरीत जावा तसा दोन इंच आत गेला. बाकीची कडी मात्र टणक.

मिस्त्री सांगलीचे. 2005, 2019 आणि 2021 अशा तीन महापुरांनंतर त्यांनी लोकांच्या फरश्या उकरल्यात. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी 45. पुराचं पाणी जोत्यातला भराव भिजवतं, ओसरताना बारीक माती घेऊन जातं. मुरूम खचतो, वर फरशी मात्र जागच्या जागी दिसते. थापीच्या दांड्यानं ठोकली की पोकळ वाजते. "तिथं कृष्णामाई खालनं आली. तुमच्यात तुम्हीच वरनं ओतलंय," हे त्यांचं निदान.

आता बघा, जुन्या घरांत न्हाणी सहसा माडीवर नसायचीच. मागच्या अंगाला, जमिनीवर, दगडी, उताराची. पाणी सरळ परसातल्या अळूला आणि केळींना. सांधे चुन्याचे. अनेक गडांवर चुना मळायच्या घाणीचं दगडी चाक तुम्ही पाहिलं असेल, तोच चुना. तो ओल घेतो तशी सोडतोही. सिमेंट तडकलं की पाणी आत जातं, पण वाळायला वाट राहत नाही, आणि लाकूड त्या कोंडलेल्या ओलीतच कुजतं.

आमची न्हाणी गेली ती कोयनेच्या भूकंपानंतर. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मागची भिंत तडकली आणि तिला टेकून असलेली न्हाणी पाडावी लागली. पुढं नळ माडीवर चढला आणि कुणीतरी मातीवर सिमेंट ओतून बाथरूम करून टाकलं. न्हाणी उरली ती फक्त शब्दात. प्लंबर मोरीच्या जाळीखालच्या भांड्याला 'नाणी ट्रॅप' म्हणतात ना, ती हीच. इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही ती छापली जाते!

मी आईला हे सगळं मोठ्या कौतुकानं सांगितलं. म्हटलं, पूर्वजांना कळत होतं, आपणही बाथरूम खाली परसात नेऊ. ती म्हणाली, "पूर्वजांना कळत होतं, पण पावसात रात्री कंदील घेऊन परसात कोण जायचं? मीच. तुला कडेवर घेऊन. हे वरचं बाथरूम मी भांडून करून घेतलंय."

म्हणजे ते 'कुणीतरी' आमच्या घरातच होतं.

बाथरूम वरच राहिलं. कडीचं कुजकं टोक कापून दोन्ही बाजूंनी नवं सागवान बोल्टनं जोडलं. ओली माती काढून टाकली. पाट महिनाभर उघडे ठेवून वाळवले. मिस्त्रींनी घाई करू दिली नाही, सांगलीत घाई केलेल्यांच्या फरश्या त्यांनी दोनदा उकरल्यात. मग हलका थर, वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवून, आणि उतार फुटाला पाव इंच. ट्रॅप बोळ्यानं बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवलं.

त्या दोन दिवसांत आई खालच्या खोलीत खुर्ची टाकून छताकडं बघत बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बोळा तिनंच काढला.