विद्यार्थ्याचे आश्रयान्तर : विनयातील निस्सय आणि बाबासाहेबांचे परदेशी अध्ययन

परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एक विद्यालय सोडून दुसऱ्यात प्रवेश घेणे ही बाब वरवर पाहता कचेरीतील कागदपत्रांची वाटते. परंतु तिच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. शिकण्याची अनुज्ञा विद्यार्थ्याला दिलेली असते, की ज्या ठिकाणी तो शिकतो त्या ठिकाणाशी ती बांधलेली असते? कॅनडात उच्च शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांपुरते या प्रश्नाचे उत्तर ८ नोव्हेंबर २०२४ पासून बदलले आहे. तत्पूर्वी तेथील विद्यार्थ्याने विद्यालय बदलल्याचे शासनास कळविले की पुरत असे. आता अध्ययनाचा परवाना, ज्यास तेथे ‘स्टडी परमिट’ म्हणतात, विशिष्ट विद्यालयाशी निगडित झाला असून, ते बदलावयाचे तर नव्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. आपल्या समाजातील मुले-मुलीही आज परदेशी विद्यापीठांत जात आहेत. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विनयपिटकाच्या महावग्गात ‘निस्सय’ या नावाने याचा सविस्तर विचार आढळतो. निस्सय म्हणजे आश्रय. उपसंपदा झालेल्या नव्या भिक्खूने उपज्झायाच्या आश्रयाने राहून शिकावे, असा दंडक होता. हा काळ प्रथम १० वर्षांचा ठरला. पुढे तो समर्थ व जाणत्या भिक्खूसाठी ५ वर्षांचा करण्यात आला, आणि असमर्थासाठी यावज्जीव ठेवण्यात आला. अर्थात आश्रयाची मुदत विद्यार्थ्याच्या योग्यतेवर अवलंबून होती, केवळ कालगणनेवर नव्हे.

परंतु उपज्झायच दूर निघून गेला, संघ सोडून गेला, मरण पावला अथवा दुसऱ्या पक्षास मिळाला तर शिष्याने काय करावे? असे प्रसंग प्रत्यक्ष घडले, आणि उपदेशावाचून राहिलेल्या तरुण भिक्खूंचे आचरण बिघडले, असे महावग्ग सांगतो. या अडचणीतूनच तथागतांनी ‘आचरिय’ नेमण्याची अनुज्ञा दिली. ही गोष्ट अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. संघातील आचार्यपद जन्मास आले ते आश्रय तुटलेल्या विद्यार्थ्याची सोय लावण्यासाठी. पहिला आश्रय संपला म्हणून त्याचे शिष्यत्व संपत नाही, हे त्यात गृहीत आहे.

विनयाने आश्रय बदलण्यास मुभा दिली, पण स्वैर मोकळीक दिली नाही. ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याच्या आश्रयास घाईने जाऊ नये, चार-पाच दिवस थांबून पारख करावी, अशी तरतूद आहे. आणखी एक तरतूद आहे. जो वाटेवर आहे, जो आजारी आहे, किंवा जो आजाऱ्याची शुश्रूषा करीत आहे, त्याला आश्रय मिळत नसेल तर त्याने आश्रयाविना राहण्यास हरकत नाही. दोन आश्रयांमधील रिकामा काळ हा अपराध नव्हे, ती प्रवाशाची स्वाभाविक अवस्था होय, असे यातून दिसते.

हाच आचार पुढे परदेशी विद्यार्थ्यांच्या वाट्यास आला. सातव्या शतकात चीनमधून आलेला आणि नालंदेस सुमारे १० वर्षे राहिलेला भिक्खू इ-त्सिंग याने भारतीय विहारांच्या रीतींची नोंद करून ठेवली आहे. बाहेरून आलेल्या भिक्खूचा प्रथम सत्कार होई. त्याचे शील व विद्या पारखून संघ त्यास ठेवून घेई, आणि मग निवासी भिक्खूंच्या नोंदवहीत त्याचे नाव लिहिले जाई. नोंदवही तेव्हाही होती. मात्र नाव लागण्यापूर्वी पारख होत असे ती माणसाची.

आधुनिक काळातील उदाहरण आपणां सर्वांच्या अंतःकरणाजवळचे आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याआधी अध्ययनानंतर १० वर्षे बडोदे संस्थानाची सेवा करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, आणि १९१६ मध्ये कोलंबिया सोडून लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन ठिकाणी त्यांनी नाव नोंदविले. ब्रिटिश प्रजाजन असल्याने लंडनमध्ये त्यांना आजच्यासारखा परवाना लागत नव्हता. परवान्याची जागा आश्रयदात्याच्या मुदतीने घेतली होती. शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अध्ययन अर्धे टाकून त्यांना परतावे लागले.

परतण्यापूर्वी बाबासाहेबांनी जी दक्षता घेतली ती आमच्या मते या प्रकरणाचा गाभा आहे. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी ऑक्टोबर १९१७ पासून ४ वर्षांच्या आत अध्ययन पुन्हा सुरू करण्याची अनुमती लंडन विद्यापीठाकडून मिळविली. बडोद्यात करार पाळावयास गेलेल्या या विद्वानाला अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळाली नाही, हे सर्वविदित आहे. तेथील आश्रय असा तुटला, तरी लंडनचे दार त्या अनुमतीमुळे उघडे राहिले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेली शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये, मुदत सरण्यापूर्वी, लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. असा तो क्रम आहे. सोडून आलेल्या कोलंबियातील श्रमही वाया गेले नाहीत. प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यावर १९२७ मध्ये तेथील पीएच.डी. त्यांना रीतसर प्राप्त झाली.

लंडन विद्यापीठाची अनुमती ४ वर्षांची होती. कॅनडाच्या आजच्या नियमांत अध्ययनातील खंड सामान्यतः १५० दिवसांपलीकडे जाऊ नये अशी अट आहे. राज्यसंस्थेला परदेशी विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवण्याचा अधिकार आहे, आणि परवान्याच्या आडोशाने चालणारा शिक्षणाचा बाजार रोखणे तिचे कर्तव्यही आहे. तथापि ज्याचे घर कर्जात आहे, ज्याच्या मागे तिसरे कोणी उभे नाही, अशा विद्यार्थ्याला विद्यालयाची निवड चुकल्यावर ती सुधारण्याचा मार्ग जितका अरुंद, तितके आश्रयदात्याचे वर्चस्व अधिक. विनयकारांना हे कळले होते. म्हणूनच त्यांनी शिष्याला आचार्य पारखण्याचा अवधी दिला आणि वाटेवरच्या माणसाला सूट दिली.

परदेशी जाणाऱ्या आपल्या तरुणांनी या इतिहासातून घ्यावयाचे ते इतकेच. प्रवेश घेण्यापूर्वीच विद्यालयाची नीट पारख करावी. ते बदलण्याची वेळ आलीच तर नवे प्रवेशपत्र व नवा परवाना हाती येईपर्यंत जुने नाव काढू नये. जी रजा, जी सवलत मिळेल ती लेखी घ्यावी आणि तिची तारीख कधीही दृष्टीआड होऊ देऊ नये. १९१७ साली, हाती पैसा नसताना आणि पुढचा मार्ग दिसत नसताना, बाबासाहेबांनी हेच केले होते.