प्लॅस्टिक प्रतिकृती : अचूकता व तपशील

पॉलिस्टायरीनच्या सुट्या भागांचे संच जोडून विमाने, रणगाडे, जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवण्याच्या छंदातील मुख्य कसोटी. विमानांसाठी १:७२ व १:४८, रणगाड्यांसाठी १:३५ ही प्रमाणे रूढ आहेत. यांपैकी १:३५ हे जरा गमतीने ठरले: जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्यात मोटर व बॅटऱ्या मावतील एवढा आकार घेतला आणि प्रमाण मागाहून मोजले.

खरी अडचण जाडीची. स्पिटफायर विमानाच्या पंखांचा ११.२३ मीटर विस्तार १:७२ मध्ये सुमारे १५६ मिमी. होतो, तो बिनचूक साधतो. पण साच्यातून निघालेली अर्ध्या मिलिमीटरची कड मूळ मापात ३६ मिमी. जाड ठरते. म्हणून कडा घासून पातळ करतात. आसनाचे पट्टे, जाळ्या असे नाजूक भाग रासायनिक कोरणाने घडवलेल्या पितळी पत्र्याचे लावतात.

रिव्हेटांबाबत मात्र अतिउत्साह नडतो. स्पिटफायरच्या पंखांच्या पुढील भागातील रिव्हेट लुकण भरून गुळगुळीत केलेले असत. तिथे ठिपक्यांच्या रांगा कोरल्या की तपशील वाढतो आणि अचूकता जाते. मूळ रंगछटा लहान आकारावर गडद भासते, म्हणून अनेक जण तिच्यात थोडा पांढरा मिसळतात. एखादे ठरावीक विमान साकारताना आराखड्यापेक्षा त्याचे छायाचित्र अधिक भरवशाचे. आघाडीवरच्या दुरुस्त्या आराखड्यात नसतात.