मागे घेतलेले उत्तर

कुजबुज असो की तोफेचा बार, आवाज म्हणजे हवेतून धावणारी दाबाची लाट. कुजबुजीची लाट आपला आकार सांभाळत पुढे जाते. तोफेच्या लाटेचे तसे होत नाही. तिच्यातला दाट हवेचा भाग विरळ भागापेक्षा जलद धावतो, मागचा पुढच्याला गाठतो आणि लाटेचा चढ उभा होत जातो. शेवटी त्याचा कडाच झाला, तर पुढे काय?

हा पेच १८४८ साली केंब्रिजच्या जेम्स चॅलिस यांनी मांडला. उत्तर दिले जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या २९ वर्षांच्या गणितज्ञाने. तो म्हणाला, कडा खुशाल मानावा. कड्याच्या अलीकडे-पलीकडे हवेचे वस्तुमान आणि संवेग यांचा जमाखर्च जुळला पाहिजे. त्यावरून कड्याचा वेगही काढता येतो. आज आपण याला आघात-तरंग म्हणतो.

पण जमाखर्चात एक खाते राहिले होते. ऊर्जा अक्षय्य असते, हा नियम तेव्हा सर्वमान्य व्हायचा होता. तो रुजल्यावर, १८७७ साली, लॉर्ड रेली यांनी स्टोक्सना पत्र लिहून दाखवले की या कड्यापाशी ऊर्जेचा हिशेब जुळत नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांचेही मत तेच होते. स्टोक्सनी ते मानले. १८८३ साली जुने लेख पुन्हा छापताना त्यांनी तो भागच गाळून टाकला.

गंमत अशी, की हरवलेली ऊर्जा उष्णतेच्या खात्यात जमा होती! ग्लासगोचे विल्यम रँकिन यांनी १८७० सालीच उष्णता हिशेबात धरली होती. फ्रान्सच्या नौदल तोफखान्यातील प्येर-आंरी ह्युगोनिओ यांनी तिन्ही खाती नीट मांडली. मात्र १८८७ साली तो प्रबंध छापून आला, त्याच वर्षी ते पस्तिसाव्या वर्षी वारले. त्याच वर्षी अर्न्स्ट माख आणि पेटर झाल्शर यांनी ध्वनीहून जलद जाणाऱ्या गोळीची छायाचित्रे प्रसिद्ध केली. गोळीपुढचा तो कडा त्यांत स्पष्ट दिसत होता.

१९१० साली खुद्द रेली यांनीच हवेची चिकटाई आणि उष्णतावहन धरून असा तरंग संभवतो, हे दाखवले. स्टोक्स मात्र १९०३ मध्येच निवर्तले होते. कड्याच्या नियमाला आज रँकिन आणि ह्युगोनिओ यांची नावे आहेत.

हिशेब जुळेना, म्हणून स्टोक्सनी उत्तरच खोडले. खरे तर वहीत एक रकाना वाढवायचा होता.